उधारी थकली, तर क्लिअरन्स जातो का?

अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, रडार दुरुस्त करणाऱ्या किंवा नुसता एखाद्या लष्करी तळावरचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सिक्युरिटी क्लिअरन्स हवा असेल, तर एक फॉर्म भरावा लागतो. त्याचं नाव एसएफ-८६. शंभराहून जास्त पानं आहेत. तुम्ही कुठे राहिलात, कुठे शिकलात, परदेशात कोण कोण नातेवाईक आहेत, कधी अटक झाली का, हे सगळं विचारून झालं की सव्विसाव्या विभागात गाडी पैशावर येते. क्रेडिट कार्डाचे पैसे थकवले होते का? हप्ते चुकले म्हणून कार ओढून नेली का? पगारातून परस्पर वसुली झाली का? कर भरायचा राहिला का? हेरगिरी, अमली पदार्थ, परदेशी संबंध हे विषय चर्चेला रंगतदार असतात, पण अर्ज सर्वात जास्त अडतात ते या रुक्ष विभागापायी.

सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी. तिच्या तीन पायऱ्या: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. ती आपण होऊन मागता येत नाही. सरकारी खातं किंवा सरकारचं काम घेतलेली कंपनी तुमचं नाव पुढे करते. मिळते ती अमेरिकी नागरिकालाच, अगदी मोजके अपवाद सोडले तर. त्यामुळे एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना हा प्रश्न आज पडायचा नाही. पण व्हर्जिनिया-मेरीलँडच्या पट्ट्यात, जिथे अशा नोकऱ्या खच्चून भरल्या आहेत, तिथे नागरिकत्व घेतलेली आपली मंडळीही आहेत. त्यांच्या काही अडचणी खास इकडच्या मातीतल्या असतात. त्यांच्याकडे शेवटी वळू.

फॉर्म भरला की चौकशी सुरू होते. डीसीएसए नावाची संस्था ती करते. २०१९ च्या ऑक्टोबरपासून हे काम तिच्याकडे आहे. लग्न ठरवताना स्थळाची चौकशी करतात तसाच हा प्रकार: शेजारी, जुने साहेब, घटस्फोटित जोडीदार, कोर्टाचे कागद, सगळीकडे विचारणा होते. फरक इतकाच की इथे क्रेडिट रिपोर्टही मागवला जातो, आणि तो काही लपवत नाही.

कर्जाचा आणि देशाच्या गुपितांचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. त्याचं जुनं उत्तर रोनाल्ड पेल्टनच्या गोष्टीत आहे. हा गृहस्थ एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत १४ वर्षं नोकरीला होता. १९७९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, त्याने नोकरी सोडली आणि जानेवारी १९८० मध्ये तो वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत जाऊन उभा राहिला. ओखोत्स्क समुद्राच्या तळाशी सोव्हिएत नौदलाची केबल होती. तिच्यावर कान लावून बसण्याची अमेरिकेची एक अत्यंत महागडी मोहीम चालू होती. ती त्याने सुमारे ३५ हजार डॉलरला विकून टाकली. सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सने १९८५ मध्ये माहिती विकायला सुरुवात केली, तेव्हा तोही घटस्फोटाच्या खर्चाने आणि उधळपट्टीने गळ्यापर्यंत बुडालेला होता. पुढे त्याने आर्लिंग्टनमध्ये ५ लाख ४० हजार डॉलरचं घर रोख पैसे मोजून घेतलं, जग्वार गाडी फिरवली, आणि तरी १९९४ पर्यंत पकडला गेला नाही. म्हणून क्लिअरन्सच्या नियमावलीत दोन्ही टोकं आहेत: कर्ज डोईजड होणं, आणि पगाराशी मेळ न बसणारी श्रीमंती अचानक येणं.

पण ‘कर्जबाजारी माणूस विकला जाईल’ ही भीती या नियमाचा अर्धाच भाग आहे, आणि माझ्या मते कमी महत्त्वाचा. रोजच्या प्रकरणांमध्ये कुणी तुमच्यावर हेरगिरीचा संशय घेत नाही. तर्क साधा असतो: स्वतः सही करून दिलेला शब्द जो पाळत नाही, बँकेची पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकतो, तो गोपनीय कागद हाताळण्याचे कंटाळवाणे नियम, कुणी बघत नसताना, पाळेल का? प्रश्न स्वभावाचा आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढचे बरेचसे निर्णय, जे वरवर विचित्र वाटतात, ते कळायला लागतात.

सध्याची नियमावली ८ जून २०१७ पासून लागू आहे. तिच्यात ए पासून एम पर्यंत १३ मार्गदर्शक कलमं आहेत. पैशाचं कलम म्हणजे ‘गाइडलाइन एफ’. या क्षेत्रातले लोक ‘माझं एफचं प्रकरण आहे’ असंच बोलतात. त्यात काय काय खटकू शकतं ते दिलं आहे: कर्ज फेडता न येणं, ऐपत असून न फेडणं, देणी चुकवण्याचा इतिहास, आवक बघून खर्च न करणं, कराचं विवरणपत्र न भरणं, जुगारासाठी पैसे काढणं, आणि वर म्हटली ती न पटणारी श्रीमंती. मग त्याच कलमात, काय दाखवलं तर हे सगळं माफ होऊ शकतं, तेही दिलं आहे. लोक पहिली यादी वाचून घाबरतात आणि दुसरीपर्यंत पोचतच नाहीत.

‘किती कर्ज असेल तर क्लिअरन्स जातो?’ हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. असा आकडाच नाही. क्रेडिट स्कोअर अमुकच्या खाली गेला की अर्ज बाद, हीही ऐकीव गोष्ट. नियमावलीत स्कोअरचा उल्लेख नाही. सात लाख डॉलरचं गृहकर्ज डोक्यावर आहे आणि हप्ता वेळच्या वेळी जातोय, तर कुणी ढुंकून बघत नाही. उलट तीन-चार हजार डॉलरची पाच-सहा छोटी खाती वर्षानुवर्षं थकीत पडली आहेत आणि त्याबद्दल एक फोनही केलेला नाही, तर प्रकरण उभं राहतं. कर्ज असणं हा दोष नाही. थकवणं आणि थकवून गप्प बसणं, हा आहे.

आता मला जो भाग सर्वात गुंतागुंतीचा वाटतो, आणि जिथे शहाणी माणसंही फसतात, तिथे जरा थांबतो.

अमेरिकेत कार्डाचं बिल साधारण १८० दिवस भरलं नाही की बँक ते खातं ‘चार्ज-ऑफ’ करते, म्हणजे आपल्या हिशेबात ते बुडीत धरते. बऱ्याच जणांचा समज होतो की बँकेने सोडून दिलं. तसं नसतं. बँकेने फक्त आपली वही नीट केली. तुमचं देणं तसंच राहतं, आणि बहुतेकदा ते एखाद्या वसुली कंपनीला विकलं जातं. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. त्यानंतर दोन वेगवेगळी घड्याळं चालू लागतात. पहिलं मुदतीच्या कायद्याचं: ठरावीक वर्षांनंतर त्या कर्जासाठी तुमच्यावर दावा लावून जिंकता येत नाही. ही मुदत राज्याराज्यांत वेगळी. मेरीलँडमध्ये साधारण तीन वर्षं, व्हर्जिनियात लेखी करारासाठी पाच. दुसरं घड्याळ क्रेडिट रिपोर्टचं: केंद्रीय कायद्याने असं थकीत खातं साधारण सात वर्षांनी रिपोर्टवरून गळून पडतं.

म्हणजे सामान्य अमेरिकी माणसाच्या दृष्टीने सात वर्षं कळ काढली की प्रश्न मिटला. वकीलही कधी कधी हाच सल्ला देतात, आणि साध्या नागरिकासाठी तो चुकीचाही नाही: ‘आता एक डॉलरही भरू नका, भरलात तर मुदतीचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं.’ पण क्लिअरन्सचा निर्णय देणारा अधिकारी या दोन्ही घड्याळांकडे बघत नाही. कर्ज मुदतबाह्य झालं किंवा रिपोर्टवरून नाहीसं झालं, याला ‘प्रामाणिकपणे फेडण्याचा प्रयत्न’ म्हणता येत नाही, असं या खटल्यांच्या अपील मंडळाने वेळोवेळी सांगितलं आहे. त्यांचा प्रश्न कोर्ट तुमच्याकडून पैसे वसूल करू शकतं का, हा नसतोच. तुम्ही स्वतः काय केलंत, हा असतो. कायद्याने जिथे तुमची सुटका केली, तिथेच हे लोक तुम्हाला धरतात. मला यात थोडा अन्याय दिसतो. कायदा नागरिकाला एक हक्क देतो आणि सरकारचाच दुसरा हात तो वापरल्याबद्दल भुवई उंचावतो. पण नियम असा आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे होणारं नुकसान मोठं आहे.

दिवाळखोरीबद्दल मात्र लोकांना वाटते तितकी भीती बाळगायचं कारण नाही. अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ७’ किंवा ‘चॅप्टर १३’ खाली दिवाळं काढणं हा कायदेशीर मार्ग आहे, आणि केवळ तेवढ्यावरून क्लिअरन्स नाकारला जात नाही. ती वेळ का आली, आणि त्यानंतर गाडी रुळावर आली का, हे बघितलं जातं. नवऱ्याच्या कॅन्सरच्या बिलांमुळे दिवाळं काढणं वेगळं, आणि पाच वर्षांत दुसऱ्यांदा, तेही पुन्हा कार्डं घासूनच, काढणं वेगळं.

फॉर्ममधले प्रश्न नेमके आहेत. गेल्या सात वर्षांत कुठलंही देणं १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं होतं का? आत्ता थकलेलं आहे का? इथे पहिली चूक होते ती ‘होतं, पण फेडलं, मग लिहायचं कशाला’ या विचाराने. लिहायचंच असतं. दुसरी चूक जामीनकीची. तुम्ही स्वतः काढलेल्या कर्जाबरोबर, ज्या कर्जावर तुम्ही सह-कर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली आहे, तेही यात धरलं जातं. मेहुण्याच्या कारच्या कर्जावर ‘काय, नुसती सही तर करायची’ म्हणून केलेली सही इथे पाच वर्षांनी उभी राहते.

आणि लपवणं. थकीत कर्ज ही गाइडलाइन एफची बाब. ते मुद्दाम लपवणं ही गाइडलाइन ई ची, म्हणजे वर्तनाची. पहिल्यातून सुटायला बऱ्याच वाटा आहेत, दुसऱ्यातून फार कमी. शिवाय सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. क्रेडिट रिपोर्ट त्यांच्या हातात असताना चार हजार डॉलरची थकबाकी दडवणाऱ्या माणसाची मला कीव येते. त्याने किरकोळ आजारावर स्वतःहून जालीम विष घेतलेलं असतं.

प्रकरण गंभीर वाटलं तर अर्जदाराला एक कागद येतो: ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’, तोंडी भाषेत एसओआर. कंपनीत काम करणाऱ्या, म्हणजे कंत्राटी क्षेत्रातल्या लोकांची अशी प्रकरणं ‘डोहा’ नावाच्या संरक्षण खात्याच्या न्यायाधिकरणासमोर चालतात. लष्करातल्या आणि सरकारी नोकरांची वाट थोडी वेगळी असते, पण कसोटी तीच. एसओआर वाचायला एखाद्या वाण्याच्या उधारीच्या वहीइतका कोरडा असतो. १.ए: अमुक बँकेचं तुम्ही देणं लागता, खातं चार्ज-ऑफ झालं आहे, रक्कम अंदाजे ८,४०० डॉलर. १.बी: अमुक इस्पितळाचं, वसुलीला दिलेलं, १,१५० डॉलर. १.सी, १.डी... अशी ओळ लागते. प्रत्येक ओळीपुढे ‘मान्य’ की ‘अमान्य’ हे लिहून, शपथेवर, २० दिवसांत उत्तर द्यायचं. त्याच उत्तरात सुनावणी हवी की नुसत्या कागदांवर निकाल चालेल, हेही सांगायचं.

सरकारच्या बाजूने पुरावा म्हणून क्रेडिट रिपोर्ट पुरेसा ठरतो. तो दाखवला की ओझं तुमच्यावर येतं. फौजदारी खटल्यातला ‘संशयाचा फायदा आरोपीला’ हा विचार इथे उलटा आहे. नौदल विरुद्ध ईगन या १९८८ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, आणि निर्णय चुकणारच असेल तर तो नकाराच्या बाजूने चुकलेला बरा. शंका उरली तर ती देशाच्या बाजूने सोडवली जाते.

डोहाचे निकाल नावं काढून जाहीर केले जातात, कुणीही वाचू शकतं. चार-पाच वाचले की साचा दिसतो. अर्जदाराचं वय, शिक्षण, लग्न, मुलं, नोकऱ्या, मधले बेकारीचे महिने, मग एकेका कर्जाची जन्मकथा, आणि शेवटी एकेका ओळीपुढे दोनच शब्द: ‘अर्जदाराच्या बाजूने’ किंवा ‘अर्जदाराविरुद्ध’. आठ ओळींपैकी सहा बाजूने आणि दोन विरुद्ध, आणि त्या दोनमुळे क्लिअरन्स गेला, असंही होतं.

तराजू कशाने झुकतो? समजा, एका सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची नोकरी गेली. सात महिने घरी बसला, त्यातच बायकोशी फारकत झाली, आणि चार कार्डांवर मिळून २८ हजार डॉलर थकले. बेकारी, घटस्फोट, आजारपण, घरातला मृत्यू, धंद्यातली मंदी, कुणी तुमच्या नावाने केलेली फसवणूक, भरमसाट व्याजाच्या सावकारीत अडकणं, ही सगळी ‘हाताबाहेरची परिस्थिती’ म्हणून धरली जाते. पण त्या वाक्याला एक शेपूट आहे: अशा परिस्थितीतही तो जबाबदारीने वागला का? नोकरी गेल्यावर त्याने बँकांना कळवलं का? नवी नोकरी लागून दोन वर्षं झाली, त्या दोन वर्षांत काय केलं? इथेच बहुतेक अर्ज गडगडतात. वाईट वेळ आली हे न्यायाधीशाला पटतं. वाईट वेळ सरल्यावरही पत्रं का उघडली नाहीत, हे पटत नाही.

घटस्फोटातली एक मेख वेगळी सांगतो. कोर्टाच्या हुकुमात लिहिलेलं असतं की अमुक कार्डाचं देणं बायकोने फेडायचं. अर्जदार निर्धास्त होतो. पण बँक त्या घटस्फोटात पक्षकार नव्हती. खात्यावर दोघांची सही असेल तर बँकेच्या लेखी दोघेही देणेकरी. तिने नाही भरलं, तर ते याच्या रिपोर्टवर येतं. अशा वेळी हुकुमाची प्रत, पूर्वीच्या जोडीदाराला लिहिलेली पत्रं, बँकेशी झालेला पत्रव्यवहार हे हाताशी लागतं. ‘ते तिचं कर्ज आहे’ हे तोंडी उत्तर पुरत नाही. एखादं कर्ज मुळात आपलं नाहीच, असं म्हणणाऱ्यालाही हेच लागू: लेखी हरकत घेतल्याचा कागद हवा.

सगळं कर्ज एका दमात फेडावं लागत नाही, आणि एकाच वेळी सगळ्यांना थोडं थोडं द्यावं लागतं असंही नाही. अपील मंडळाचं म्हणणं असं की झेपेल अशी योजना हवी आणि ती अमलात आणायला खरंच सुरुवात झालेली हवी. चार कार्डांपैकी सर्वात लहान आधी मिटवून पुढच्याकडे वळणं मान्य होतं. मान्य होत नाही ते ‘क्लिअरन्स मिळाला की पगार वाढेल, मग फेडतो’ हे आश्वासन. भविष्यातल्या वायद्याला इथे किंमत नाही. मागचे हप्ते बघतात. एसओआर हातात पडल्यावर धावाधाव करून भरलेल्या पैशांनाही कमी वजन मिळतं, कारण नोकरी धोक्यात आल्यावर कोणीही भरेल. एसओआरच्या आधी दीड वर्ष महिन्याला दोनशे डॉलर भरणारा माणूस, एसओआरनंतर काकाकडून उसने घेऊन दहा हजार एकदम भरणाऱ्यापेक्षा बऱ्या जागी उभा असतो. विनानफा संस्थांकडून घेतलेलं कर्ज-समुपदेशन नियमावलीतच नावाजलं आहे. ‘तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो, तोवर कुणालाच पैसे देऊ नका’ असं सांगून दरमहा फी खाणाऱ्या कंपन्यांचं तसं नाही. फी त्यांच्या घशात जाते आणि रिपोर्टवर थकबाकीचे महिने वाढत राहतात.

कर हा वेगळाच मामला. तिथे न्यायाधीश सर्वात कडक. कारण उघड आहे: ज्या सरकारची गुपितं सांभाळायची, त्याच सरकारचं देणं आणि त्याचाच नियम मोडलेला असतो. पैसे नव्हते म्हणून कर राहिला, हे एक वेळ समजून घेतलं जातं. आयआरएसशी, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याशी, हप्ते बांधून घेतले आणि ते पाळले तर सुटका होते. पण विवरणपत्रच भरलं नाही, त्याला पैसे लागत नाहीत, मग का नाही भरलं? या प्रश्नाला चांगलं उत्तर मी तरी वाचलेलं नाही.

आपल्या लोकांची गाठ नेमकी इथे बसते. अमेरिकी नागरिकाला जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेत कर लागतो. पुण्यातल्या बँकेत अनिवासी भारतीयांसाठीच्या एनआरई खात्यावर मुदत ठेव आहे, तिच्या व्याजावर भारतात कर नाही, म्हणून तो आकडा अमेरिकेच्या विवरणपत्रात कधी टाकलाच नाही, असं सर्रास होतं. भारतात करमुक्त म्हणजे अमेरिकेत करमुक्त नव्हे. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरवर गेली, तर त्या खात्यांची वेगळी माहिती दरवर्षी द्यावी लागते. आईबरोबरचं संयुक्त खातंही त्यात येतं. ‘ते खातं तर आईच वापरते’ हे खरं असेल, पण सही तुमचीही आहे. एसएफ-८६ मध्ये हीच खाती परदेशी मालमत्ता म्हणून लिहावी लागतात. तिथे प्रामाणिकपणे लिहिलं आणि कराच्या विवरणपत्रात ती नाहीत, तर तुमचेच दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. फॉर्म भरण्याआधी दोन्ही देशांचं कळणाऱ्या सीपीएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या सनदी लेखापालाकडे, जाऊन मागची वर्षं दुरुस्त करून घेणं हा यातला सरळ उपाय.

दुसरी गोष्ट उलट दिशेने येणाऱ्या पैशाची. साताऱ्याकडची जमीन विकून वडिलांनी मुलाला घरासाठी ५० हजार डॉलर पाठवले. आपल्याकडे यात नवल काहीच नाही. पण एम्सच्या रोखीतल्या घरानंतर अशी आवक निमूटपणे बघितली जात नाही. टॉप सीक्रेटवाल्याने १० हजार डॉलर किंवा जास्त असा नेहमीपेक्षा वेगळा पैसा आला, वारसा असो वा लॉटरी, तर कळवायचं असतं. खरेदीखत, बँकेतून पैसे पाठवल्याच्या पावत्या, वडिलांचं दोन ओळींचं पत्र जपून ठेवलं की पैशाचा उगम दाखवता येतो. आणि बहिणीच्या लग्नासाठी चुलत भावाकडून घेतलेले हात उसने? लेखी काही नसतं, व्याज नसतं, परतफेडीची तारीख नसते. ते क्रेडिट रिपोर्टवर येत नाही, पण तुमची परदेशातल्या माणसाशी आर्थिक बांधिलकी आहे, आणि परदेशी प्रभावाची गाइडलाइन बी नेमकी तेच बघते. मुलाखतीत विचारलं तर सांगायचं.

पूर्वी एकदा क्लिअरन्स मिळाला की पाच किंवा दहा वर्षांनी फेरतपासणी व्हायची, मधल्या काळात काय झालं ते कुणाला कळायचं नाही. २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात क्लिअरन्स असलेल्या एका कंत्राटी कामगाराने गोळीबार करून १२ जणांना मारलं, तेव्हापासून ही पद्धत बदलायचा रेटा वाढला. आता संगणक क्रेडिटच्या आणि पोलिसांच्या नोंदींवर सतत नजर ठेवतो. चार महिने हप्ता चुकला की तुम्ही सांगायच्या आधी त्यांना कळू शकतं. म्हणून कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला, ज्याला तिथे एफएसओ म्हणतात, आपण होऊन आधी सांगणं शहाणपणाचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. २०१८ च्या डिसेंबरापासून अमेरिकी सरकारचं कामकाज ३५ दिवस बंद पडलं, पगार थांबले, तेव्हा खुद्द एफबीआयच्या एजंटांच्या संघटनेने जाहीरपणे काळजी बोलून दाखवली होती की हप्ते चुकून आमचे क्लिअरन्स धोक्यात येतील. सरकारने पगार दिला नाही म्हणून हप्ता चुकला आणि त्यावर सरकारनेच प्रश्न विचारला, हा विनोद कुणी लिहून काढावा असा आहे.

निकाल विरुद्ध गेला तर १५ दिवसांत अपिलाची नोटीस देता येते. पण अपील मंडळ नवा पुरावा घेत नाही. आधीच्या न्यायाधीशाची चूक दाखवावी लागते. तेही फसलं तर एक वर्ष थांबून नव्याने अर्ज करता येतो. अडचण अशी की क्लिअरन्स गेला की बहुधा ती नोकरीही जाते, आणि ज्या पगारातून हप्ते भरायचे तोच आटतो. या व्यवस्थेतला हा दोष मला सर्वात जास्त बोचतो, पण त्यावर इलाज कुणी काढलेला नाही. ज्यांना दुसऱ्या खेपेला मिळतो, ते मधल्या वर्षात मिळेल ती नोकरी धरून, रक्कम कमी का होईना, हप्ते चालू ठेवतात आणि पावत्यांची फाइल वाढवत नेतात. मात्र तेवढ्याने भागत नाही. तुमचं नाव पुढे करायला तयार असलेली कंपनीही पुन्हा शोधावी लागते, आणि एकदा नकार आला होता हे तिला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. नव्या फॉर्ममध्ये तोही प्रश्न आहेच.